पांढऱ्या रणात एक दिवस, सोबत दोन लहान मुलं

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतोय. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ना' थोडे गाळलेत, सगळे नाही.

आजचा प्रश्न अनेक घरांतला आहे. घरात अडीच वर्षांचं एक पिल्लू, पाच वर्षांचं दुसरं, आणि मोठ्यांना वाळवंट बघायचंय. जावं का? की मुलं मोठी होईपर्यंत थांबावं?

माझं उत्तर आहे, जा. पण तो दिवस मुलांच्या शरीराप्रमाणे आखा, स्वतःच्या यादीप्रमाणे नाही. एवढं एक पक्कं धरलं की बाकीचे निर्णय त्यातूनच निघतात. ते कसे निघतात, हे आज कच्छच्या पांढऱ्या रणाच्या निमित्ताने सांगतो.

आधी हे सांगून टाकतो की मी अजून बाप झालेलो नाही, मामा आहे. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे घरातल्या प्रत्येक सहलीचं प्लॅनिंग आपोआप माझ्या गळ्यात पडतं. गेल्या हिवाळ्यात आम्ही भुजहून धोरडोला एका दिवसात जाऊन आलो. ताई, भावोजी, आई, मी, भाची मनू पाच वर्षांची आणि भाचा छोटू अडीच वर्षांचा. नावं घरातली आहेत, खरी नाहीत.

पहिली गोष्ट, हे कसलं वाळवंट आहे ते समजून घेऊ. आपल्याकडे रण म्हटलं की लढाई आठवते. गुजरातीत रण म्हणजे वाळवंट. पण इथे वाळूच्या टेकड्या नाहीत. पावसाळ्यात या सपाट, खोलगट भागात पाणी साचतं. पावसाचं पाणी, राजस्थानातून येणाऱ्या लुणीसारख्या नद्यांचं पाणी आणि खाडीतून आत घुसणारं समुद्राचं पाणी. पावसाळा संपला की ते हळूहळू आटतं आणि मागे मिठाचा थर उरतो. म्हणजे हे वाळवंट दरवर्षी नव्याने तयार होतं.

याचा सहलीशी थेट संबंध आहे. नोव्हेंबरात गेलात तर बऱ्याचदा पाणी पूर्ण आटलेलं नसतं आणि चालायला चिखल मिळतो. मार्चनंतर ऊन तापायला लागतं, आणि मे महिन्यात या भागात पारा चाळिशी ओलांडतो. लहान मुलं सोबत असतील तर डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारी, एवढीच खिडकी. त्यातही आम्ही जानेवारीतली पौर्णिमा निवडली, शाकंभरी पौर्णिमा. ती का, ते पुढे सांगतो.

दुसरी गोष्ट, मुलांचं शरीर. इथे शाळेतलं गणित कामाला येतं. वस्तू जितकी लहान, तितकं तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठफळ जास्त. गरम वरणाचं भांडं तासभर गरम राहतं, तेच वरण वाटीत काढलं की पाच मिनिटांत निवतं. लहान मूल म्हणजे ती वाटी. उन्हात ते आपल्यापेक्षा लवकर तापतं आणि थंडीत लवकर गार पडतं. त्यात लहान मुलांना घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो, म्हणजे थंड होण्याची यंत्रणा अजून पुरती तयार नसते. आणि सगळ्यात मोठी अडचण ही की ते सांगत नाही. अडीच वर्षांचं मूल 'मला डिहायड्रेशन होतंय' असं म्हणत नाही, ते चिडचिड करतं, नाहीतर गप्प होतं.

हिवाळ्यात तर आणखी फसायला होतं. जानेवारीत दुपारी हवा छान असते, पुण्यासारखीच. कोणाला घाम फुटलेला दिसत नाही. पण हवा कोरडी असते आणि वारा वाहत असतो. घाम येतो तो लगेच उडून जातो, म्हणून दिसत नाही. अंगातलं पाणी मात्र जातच असतं.

या दोन गोष्टी मांडल्यावर वेळापत्रक जवळजवळ स्वतःच तयार झालं. पण त्याआधी आमच्याकडे एक छोटी लढाई झाली. रणातली नाही, भुजच्या हॉटेलातली.

भावोजींकडे यादी होती. सकाळी काळा डुंगर, तिथून 'रोड टू हेवन', मग धोलावीरा, येताना धोरडोला सूर्यास्त. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. धोलावीरा हे हडप्पा संस्कृतीचं शहर, २०२१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. काळा डुंगर ४६२ मीटर उंच, कच्छमधला सगळ्यात उंच डोंगर, वरून रणाचा केवढा तरी विस्तार दिसतो. "एवढ्या लांब आलोय, तर बघून घेऊ" हे आपल्या सगळ्यांच्या घरातलं वाक्य आहे. पण ती यादी म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस गाडीत. मुलांच्या वाट्याला काय येणार? सीट, खिडकी, आणि "खाली उतर, फोटो काढू, चल बस".

ऑफिसात डेडलाइन पुढे जात नसेल तर एकच गोष्ट हातात असते, काम कमी करणं. मी तेच म्हटलं. एक दिवस, एक जागा. भावोजी म्हणाले, "मग धोलावीरा कधी?" ताई म्हणाली, "मुलं मोठी झाल्यावर. पाच हजार वर्षं थांबलंय, अजून पाच वर्षं थांबेल." विषय संपला.

आता वेळापत्रक. मुंबईहून भुजला रात्रभराचा रेल्वे प्रवास आहे, तो करून आम्ही सकाळी पोचलो आणि त्या दिवशी कुठेही गेलो नाही. मुलांची झोप भरू दिली. सहल दुसऱ्या दिवशी. भुज ते धोरडो सुमारे ८० किलोमीटर, मुलांसकट दोन तास धरा. बरेच जण सकाळी निघतात आणि भर दुपारी रणावर उभे राहतात. पांढरं मीठ ऊन परत फेकतं, त्यामुळे वरून आणि खालून दोन्हीकडून ऊन लागतं. डोळे उघडवत नाहीत. आम्ही हॉटेलातच जेवलो, दीड वाजता निघालो. मुलांची दुपारची झोप आणि प्रवास एकावर एक बसवले. छोटू शहर संपायच्या आत झोपला.

वाटेत दोनच थांबे. भुज-खावडा रस्ता कर्कवृत्त ओलांडतो आणि तिथे तसा फलक आहे. मनूला सांगितलं, पृथ्वीवर माणसांनी मनातल्या मनात एक रेघ काढलीये, ती इथून जाते. तिने विचारलं, "मनातली रेघ यांना कशी दिसली?" मग एक पाय रेघेच्या अलीकडे, एक पलीकडे, असा तिचा फोटो काढला. दुसरा थांबा भिरंडियारा. इथून सरळ रस्ता खावड्याकडे जातो आणि डावीकडचा धोरडोकडे. इथला मावा प्रसिद्ध आहे, बन्नीच्या म्हशींच्या दुधाचा. पुढचा भाग सीमेजवळचा असल्यामुळे परवाना लागतो. तो ऑनलाइनही काढता येतो. मोठ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा, मुलांची कागदपत्रंही असू द्या.

सामानाबद्दल थोडं. सहा जणांसाठी आम्ही दहा लिटर पाणी घेतलं, एका मोठ्या कॅनमध्ये नाही, छोट्या बाटल्यांत. मुलांच्या बाटल्या वेगळ्या, म्हणजे कोण किती प्यायलं ते कळतं. संत्री आणि काकडी, कारण पाणी नको म्हणणारं मूल संत्र्याची फोड खातं. ओआरएसची दोन पाकिटं. ही पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवायची, एक लिटर म्हणजे एक लिटर. अंदाजाने अर्ध्या ग्लासात टाकू नका. टोप्या, गॉगल, बंद बूट. मिठाचे खडे टोकदार असतात, आणि पायाला खरचटलेलं असेल तर मीठ काय करतं ते सांगायला नको. प्रत्येकाला स्वेटर आणि कानटोपी, दुपारी कितीही वेडेपणाचं वाटलं तरी. आणि एक मोठी पिशवी, वापरलेले डायपर आणि सगळा कचरा परत भुजला नेण्यासाठी.

कपड्यांच्या रंगाबद्दल एक सूचना. फोटोत छान दिसतं म्हणून लोक मुलांना पांढरे कपडे घालून आणतात. पांढऱ्या जमिनीवर पांढरा झगा घातलेली मुलगी शंभर पावलांवर शोधून बघा! मनूला लालभडक स्वेटर होता, छोटूला केशरी. रण इतकं सपाट आहे की अंतराचा अंदाज येत नाही. झाड नाही, खांब नाही, मोजायचं कशावरून? मूल जवळच आहे असं वाटतं आणि ते बरंच लांब गेलेलं असतं. आमचा नियम होता की हाक मारली तर ऐकू येईल एवढ्याच अंतरात राहायचं, आणि दर वेळी एका मुलामागे एकच मोठा माणूस, नाव ठरवून. 'सगळे बघतायत' याचा अर्थ कोणीच बघत नाहीये.

पावणेचारला आम्ही धोरडोला पोचलो. हे बन्नी गवताळ प्रदेशाच्या काठावरचं छोटं गाव. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने त्याला उत्तम पर्यटन गावांच्या यादीत घेतलं. हिवाळ्यात इथे रणोत्सव असतो, तंबूंचं शहर उभं राहतं, गर्दी असते. या भागातली गोल घरं, त्यांना भुंगा म्हणतात, मुलांना जरूर दाखवा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अनेक ठिकाणी पक्की घरं कोसळली, पण बरेच भुंगे उभे राहिले, कारण गोल भिंतीला कोपराच नसतो आणि वरचं छप्पर हलकं असतं. मनूची शंका वेगळीच होती. कोपरा नाही तर शिक्षा म्हणून उभं कुठे करतात?

मग रण. मोठी माणसं तिथे पोचल्यावर एकच गोष्ट करतात, लांब बघतात. क्षितिज, आकाश, 'केवढं आहे नाही!' मुलं लांब बघतच नाहीत. दोघंही पोचल्या पोचल्या उकिडवी बसली आणि खाली बघायला लागली. छोटूने आधी जमीन चाटली. मनूने विचारलं, "हे कोणी सांडलं?"

मुलांना वाळवंटात न्यायचं ते यासाठी. आपल्याला वाटतं, तिथे काहीच नाही, ती कंटाळतील. पण त्यांचं जग पायापासून दोन फुटांवर असतं, आणि रणात ते दोन फूट खच्चून भरलेले आहेत. दहावीस रुपयांचं भिंग न्या. मिठाचा एक खडा भिंगाखाली धरला की छोटे छोटे चौकोनी ठोकळे दिसतात. स्वयंपाकघरातल्या मिठाचेही तसेच असतात, आपण कधी बघत नाही.

मिठाच्या थरावर काही ठिकाणी उंचवट्यांच्या रेघा असतात, पाच-सहा बाजूंच्या मोठ्या फरशा बसवल्यासारख्या. अशा फरशा जगभरच्या मिठाच्या वाळवंटांत दिसतात, आणि सगळीकडे साधारण एक ते दोन मीटरच्याच. असं का, याचं एक चांगलं उत्तर २०२३ मध्ये एका शोधनिबंधात आलं. वरच्या ओलाव्यातलं पाणी उडून गेलं की उरलेलं पाणी जास्त खारट होतं, म्हणून जड होतं आणि खाली बुडतं. त्याच्या जागी कमी खारट पाणी वर येतं. जमिनीखाली असे प्रवाह सतत फिरत असतात. खारट पाणी जिथे खाली जातं, तिथे वर मीठ जास्त साचतं आणि फरशीची कड तयार होते. म्हणजे आपण उभे असतो ती जमीन खाली हळूहळू ढवळली जात असते. मनूला एवढंच सांगितलं की खाली चहा उकळतोय, अगदी हळू. ती कान लावून ऐकत बसली.

याच कारणाने, लोक चालतात तो भाग सोडून आत जाऊ नका. वरून कडक दिसणाऱ्या थराखाली बऱ्याच जागी ओला चिखल असतो.

आता पौर्णिमेचं सांगतो. आईला कितीतरी वर्षांपासून रणातलं चांदणं बघायचं होतं. गुडघे दुखतात, पुन्हा इतक्या लांब येणं होईल की नाही, हे ती बोलत नाही, पण आम्हाला कळतं. मुलांना रात्री उशिरापर्यंत थंडीत ठेवायचं नव्हतं. मग दोन्ही कसं जमवायचं? पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी, चंद्र जवळपास एका रेषेत असतात, त्यामुळे सूर्य मावळायच्या सुमारालाच समोरून चंद्र उगवतो. जानेवारीत तिथे सूर्यास्त साधारण सव्वासहा-साडेसहाला. पश्चिमेला सूर्य, पूर्वेला चंद्र, अर्ध्या तासात दोन्ही बघायचं आणि सातला परत फिरायचं. आजीचं चांदणं आणि नातवंडांची झोप, दोन्ही एका कॅलेंडरवर बसत होतं.

पाच वाजता ताईच्या लक्षात आलं की छोटू गप्प झालाय. मीठ खेळणं बंद, नुसता तिच्या खांद्यावर. तिने डायपर बघितला, तो कोरडा होता. हॉटेलातून निघताना बदलला होता, म्हणजे साडेतीन तास झाले होते. वाटेत तो झोपला होता, त्यामुळे पाणी प्यायला नव्हता, आणि उठल्यावर खेळायच्या नादात बाटली ढकलत होता. त्याचे ओठ सुकले होते. मंडळी, वाळवंटात सोबत कितीही गॅजेट न्या, ओला डायपर हा सगळ्यात भरवशाचा सेन्सर आहे.

घाबरण्यासारखी वेळ नव्हती, पण वाट बघत बसण्यासारखीही नव्हती. मोठं हॉस्पिटल भुजला, म्हणजे दोन तासांवर. आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं की कोणी 'थांबूया' म्हटलं की थांबायचं, चर्चा नंतर. त्याला घेऊन आम्ही प्रवेशाजवळच्या सावलीत आलो. ओआरएस कालवलं आणि चमच्याने द्यायला सुरुवात केली, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. एकदम ग्लासभर पाजलं की मूल उलटी करतं. तास-दीड तासात फरक पडला नाही, उलट्या सुरू झाल्या, रडताना डोळ्यांत पाणी आलं नाही किंवा मूल हाकेला नीट प्रतिसाद देईना, तर गाडी सरळ डॉक्टरकडे, हे सूत्र पक्कं होतं. ड्रायव्हरभाईंना गाडी वळवून उभी करायला सांगितलं.

चमचा आईच्या हातात होता. सहा वाजत आले. मी म्हटलं, "आई, तू जा ना रणावर, मी देतो त्याला." ती म्हणाली, "चंद्र काय पळून जातोय? तो इथूनही दिसेल. तू मनूला घेऊन जा."

मी, भावोजी आणि मनू गेलो. सूर्य मावळताना मीठ आधी पिवळं, मग गुलाबी, मग निळसर झालं. मनू आमच्या लांब सावल्या पावलांनी मोजत होती. मग मागे वळलो तर पूर्वेला मोठा तांबूस चंद्र. तेवढ्यात ताईचा फोन. छोटूने शू केली होती. भावोजी तिथेच, त्या गर्दीत, मोठ्याने हसले. परत आलो तेव्हा तो आजीच्या मांडीवर बसून संत्र्याची फोड चोखत होता. समोर पार्किंग, चहाची टपरी, गाड्यांचे दिवे, आणि त्यांच्या वर तोच चंद्र. आई म्हणाली, "हा बघ, म्हटलं होतं ना?" तिला रणावरून बघायला मिळाला नाही, हे मला लागलं. तिला लागलं की नाही, तिने कळू दिलं नाही.

सूर्य गेल्यावर अर्ध्या तासात थंडी जाणवायला लागली. कोरड्या, निरभ्र हवेत जमिनीची उष्णता धरून ठेवायला काही नसतं, ती भराभर निघून जाते. वाटीतल्या वरणाचं लक्षात असेलच. स्वेटर, कानटोप्या, आणि सातला गाडीत. रात्रीचा रस्ता सावकाश घ्या, म्हशी आणि उंट रस्त्यावर येतात. नऊला भुज. जेवायला मुलांची ओळखीची दाबेली. मूळची ती कच्छचीच, पण मनूच्या मते कच्छवाल्यांनी आमच्या कोपऱ्यावरच्या दाबेलीवाल्याकडून उचलली!

आपले बरेच श्रोते दुबई-शारजाहून ऐकतात, काही जैसलमेरला जाणार आहेत. तुमच्याकडे मिठाऐवजी वाळू आहे, पण हिशोब तोच. फक्त एक भर. वाळू वरून निवलेली वाटते पण तापलेली असू शकते. मुलांना अनवाणी सोडण्याआधी स्वतःच्या हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवलं नाही, तर त्यांनाही नाही.

म्हणजे थोडक्यात, एक दिवस, एक जागा. प्रवास झोपेच्या वेळी. ऊन उतरल्यावर पोचायचं, थंडी वाढायच्या आत निघायचं. दर दोन तासांनी डायपर बघायचा, मोठ्या मुलाला शू झाली का विचारायचं. आणि परत फिरायचा अधिकार सहलीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला द्यायचा, कारण न विचारता.

आमच्या घरी पुढच्या पौर्णिमांची यादी फ्रिजवर लागली आहे. या वेळी फक्त मी आणि आई जाणार आहोत. मनूने जाहीर केलंय की तीही येणार, तिला तो चहा उकळला का ते बघायचंय. तुम्ही मुलांना घेऊन कुठल्या रुक्ष, उजाड, सुंदर जागी गेला असाल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत पाणी पीत राहा!